खांबावर चढणारी खार

हिवाळाभर खार झोपून असते, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. काही खारी झोपतात, हे खरं. आर्क्टिकमधली, जमिनीत बीळ करून राहणारी खार शीतनिद्रेत इतकी गार पडते की तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचं संशोधक ब्रायन बार्न्स यांनी १९८९ साली नोंदवलं. खारीच्याच कुळातला पट्टेदार चिपमंक बिळात शिरून टप्प्याटप्प्यानं झोपतो, मधूनमधून उठून साठवलेलं खातो आणि पुन्हा झोपतो. पण परसात पक्ष्यांना दाणे ठेवायचं जे भांडं असतं, त्या बर्ड फीडरला येऊन लटकणारी करडी खार यातलं काहीच करत नाही. ती झाडावर राहते आणि अख्खा हिवाळा जागी असते. जागं राहायचं तर अंगात ऊब हवी, ऊब हवी तर पोटात अन्न हवं, आणि अन्न तर बर्फाखाली पुरलेलं. तिचा हिवाळा या एवढ्यावर चालतो.

हे समजून घेतल्याशिवाय तिला फीडरपासून लांब ठेवता येत नाही, असं माझं मत आहे. लोक आधी उपाय विचारतात. कुठला फीडर घेऊ, खांबाला काय लावू, कुठले दाणे घालू. खार कशी आहे हे कुणी विचारत नाही. मलाही पक्षीच हवे असतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बर्फ पडून सगळं पांढरं झालेलं असताना लालभडक कार्डिनल येऊन बसतो तेव्हा हातातलं काम बाजूला पडतं. काळ्या टोपीची चिकडी, एक इवलासा पक्षी, एक दाणा उचलून फांदीवर जाते, तो दोन पायांत धरून ठोकते, खाते आणि पुन्हा येते. नटहॅच खोडावरून डोकं खाली करून उतरतो. जुंको खाली सांडलेलं टिपत फिरतात. हे सगळं चाललेलं असतं आणि एकाएकी सगळे उडतात. खांबावरून खार वर आलेली असते. मग पुढचा कितीतरी वेळ ती एकटीच खात राहते आणि पक्षी लांब फांद्यांवर वाट बघत बसतात. नुसते दाणे जाण्याचा प्रश्न असता तर मी तो सोडून दिला असता. पण ती असेपर्यंत चिकडी येत नाही, आणि हिवाळ्यातला दिवस लहान असतो.

चिकडीसाठी तो दिवस किती मोलाचा असतो ते सांगायला हवं. तिचं वजन साधारण ११ ग्रॅम. एवढ्याशा देहात एका रात्रीपेक्षा जास्त पुरेल इतकी चरबी मावत नाही. दिवसा खाल्लेलं रात्रीत जळून जातं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रात्री ती आपल्या शरीराचं तापमान मुद्दाम दहाएक अंशांनी खाली आणते, म्हणजे इंधन कमी लागतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ले टेम्पल यांनी चिकड्यांचा अभ्यास केला होता, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. फीडरवर येणाऱ्या चिकड्यांपैकी ६९ टक्के हिवाळा पार करून गेल्या, आणि ज्यांना फीडर नव्हता त्यांच्यातल्या ३७ टक्के. हा फरक मुख्यतः उणे १८ अंशांच्या खालच्या थंडीतला होता. एरवीच्या थंडीत त्यांचं आपलं आपण भागतं. पुढे १९९२ साली याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वर्षानुवर्षं असलेला फीडर काढून घेतला तरी तिथल्या चिकड्या इतर चिकड्यांइतक्याच तगल्या. म्हणजे आपण दाणे घातल्यानं त्या आळशी होत नाहीत, आणि आपण चार दिवस बाहेर गेलो म्हणून मरतही नाहीत. पण कडाक्याच्या थंडीत फीडरचा खरोखर उपयोग होतो. म्हणूनच त्या दिवसांत खार फीडर अडवून बसली तर मला ते चालत नाही.

आता खारीची बाजू.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. पाठीवर पट्टे असलेल्या इवल्याशा खारीची सवय असलेल्याला ती एकदम दांडगी वाटते. वजन चारशे ते सहाशे ग्रॅम, शेपूट जवळपास धडाएवढी. थंडी येताना तिची लव दाट होते, कानांमागे पांढुरके केस येतात. उंच झाडाच्या बेचक्यात काटक्या आणि पानं रचून ती गोल घरटं करते आणि आत शेवाळ, गवत, सालींचे धागे यांचं अस्तर लावते. ढोली मिळाली तर उत्तमच. थंडीच्या दिवसांत कधीकधी दोन-तीन खारी एकाच घरट्यात एकमेकींना चिकटून झोपतात, बहुधा नात्यातल्या माद्या. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बाहेर पडणारी खार हिवाळ्यात दुपारच्या त्यातल्या त्यात उबदार वेळी निघते. वादळी बर्फ पडत असेल तर तो थांबेपर्यंत ती बाहेरच येत नाही. बर्फ थांबल्यावर ती फीडरवर तुटून पडते तेव्हा लोकांना हावरटपणा दिसतो. मला तिचे मागचे उपाशी तास दिसतात.

तिची मुख्य शिदोरी मात्र जमिनीत असते. शरद ऋतूत ओकची कठीण कवचाची फळं, म्हणजे एकॉर्न, आणि अक्रोडाच्या जातीची फळं ती एकेक करून वेगवेगळ्या जागी पुरते. एका हंगामात हजारो. तांबडी खार नेमकं उलटं करते. ती पाइन आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची शंकूसारखी फळं एकाच ढिगात साठवते आणि त्या ढिगाची जिवाच्या आकांतानं राखण करते. करडीचा साठा सगळीकडे विखुरलेला असतो, त्यामुळे एखादी जागा लुटली गेली तरी बाकीच्या राहतात. पुरलेलं सापडतं कसं, यावर लुसिया जेकब्ज आणि एमिली लिमन यांचा १९९१चा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी प्रत्येक खारीला दहा फळं पुरायला दिली, मग काही दिवसांनी एकेकीला त्या जागेत परत सोडलं. तिथे तिची स्वतःची ठिकाणं होती आणि जवळच इतर खारींचीही. वासावरच सगळं चालत असतं तर दोन्ही सारखीच सापडली असती. पण खारींनी स्वतःची ठिकाणं जास्त शोधून काढली. त्यांना जागा आठवत होत्या. नाक मदतीला असतंच, बर्फाच्या थराखालचंही ते हुंगू शकतं, पण आधी आठवण कामी येते.

ओकच्या बाबतीत तर ती जे करते ते वाचून मी पहिल्यांदा थक्क झाले होते आणि अजूनही होते. पांढऱ्या ओकचं फळ पडल्याबरोबर शरदातच रुजायला लागतं. ते पुरून ठेवलं तर त्यातलं अन्न कोंबात जाणार. तांबड्या ओकचं फळ हिवाळाभर निपचित राहतं आणि वसंतात रुजतं. म्हणून पांढऱ्याचं फळ ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे खाते, आणि तांबड्याचं पुरते. पांढऱ्याचं पुरायचंच झालं तर आधी टोकाकडून कुरतडून त्यातला गर्भ काढून टाकते, म्हणजे ते रुजण्याचा प्रश्नच राहत नाही. दुसरी खार बघत असेल तर ती नुसता खड्डा उकरते, पुरल्याचा आव आणते, माती दाबते आणि फळ तोंडात घेऊन दुसरीकडे जाते. मायकेल स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारींचं हे वागणं बारकाईनं अभ्यासलं आहे. जे पुरलं आणि परत काढलं गेलं नाही, त्यातून ओकची रोपं येतात. जंगलं अशी पसरतात.

ओक दरवर्षी सारखी फळं देत नाही. एखाद्या वर्षी लयलूट, पुढच्या वर्षी जवळपास काहीच नाही. भरपूर फळांच्या वर्षानंतर खारींची पिल्लं जास्त वाचतात, आणि नेमका पुढचा हंगाम कोरडा गेला की तोंडं जास्त आणि अन्न कमी अशी गत होते. १९६८च्या शरदात अमेरिकेच्या पूर्व भागात हेच झालं. खारी मोठ्या संख्येनं घरं सोडून निघाल्या, रस्त्यांवर आणि पाण्यात मेलेल्या खारींचे ढीग लोकांनी पाहिले. तेव्हा फीडरवर एखाद्या वर्षी खारींची नुसती झुंबड उडाली तर मी आधी आसपासच्या ओककडे बघते. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं.

अशा प्राण्यासमोर आपण काय ठेवतो? सूर्यफुलाच्या काळ्या बियांनी भरलेली नळी. कवच पातळ, आत तेलच तेल, पुरायला नको, उकरायला नको, सगळं एकाच जागी. जो प्राणी थंडीत प्रत्येक घासामागे किती ताकद खर्च होईल हे बघून वागतो, तो इथे येणारच. यात चोरीचा काही संबंध नाही. दाणे पक्ष्यांचे आहेत हे फक्त आपण ठरवलेलं असतं. म्हणून खारीला लबाड, दरोडेखोर म्हणून तिच्यामागे हात धुऊन लागणं मला पटत नाही. तिला रोखावं, हे मात्र पटतं. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवता आल्या की उपायही नीट सुचतात.

उपायांमधली पहिली गोष्ट म्हणजे अंतर. बाकी सगळं त्याच्यानंतर. करडी खार जमिनीवरून सरळ वर चार ते पाच फूट उडी मारते आणि आडवी आठ ते दहा फूट. वरच्या फांदीवरून खाली तर त्याहून लांब झेपावते. तिचे मागचे पाय घोट्यात पूर्ण उलटे वळतात, म्हणून ती डोकं खाली ठेवून खोडावरून उतरू शकते आणि मागच्या पायांवर लटकून पुढच्या पायांनी आरामात खाऊ शकते. झाडाच्या फांदीला फीडर टांगणं म्हणजे तो तिच्या घरात टांगणं. तारेवर टांगला तर ती तारेवरून चालत येते. भिंतीला लावला तर भिंत चढते. तेव्हा फीडर मोकळ्या जागी, स्वतंत्र खांबावर हवा, आणि त्या खांबापासून चहूबाजूंनी किमान दहा फुटांत झाड, कुंपण, छपराची कड, बाकडं, मोठी कुंडी असं काहीही नको. बर्फ साचून ढीग झाला तर जमीनच वर येते, हे लक्षात राहत नाही. फावड्यानं उपसलेला बर्फ खांबाजवळ टाकला की तिला आयती पायरी मिळते.

मोकळी जागा मिळाली की मग खांबाला आडकाठी. इंग्रजी बोलणारे तिला बॅफल म्हणतात आणि आपणही तेच म्हणतो. एक प्रकार घुमटासारखा, खांबाभोवती बसवलेला, निदान दीड फूट रुंद. दुसरा प्रकार म्हणजे पत्र्याची सहा ते आठ इंच व्यासाची लांब नळी, वरचं तोंड बंद, खालचं उघडं, खांब तिच्या मधून गेलेला. खार खांबावरून वर येते, नळीच्या आत शिरते, पुढे वाट नसते, उतरते. बाहेरून चढायला जावं तर पत्रा गुळगुळीत आणि इतका रुंद की कवेत येत नाही. मला नळीच जास्त आवडते. घुमटाच्या कडेला धरून वर येणारी एखादी खार निघतेच, नळीवर ती शक्यता फार कमी. नळीचा वरचा भाग जमिनीपासून चार-पाच फुटांवर असावा, नाहीतर ती खालून उडी मारून नळीच ओलांडते. नळी किंचित हलती ठेवली तर आणखी चांगलं, हलणाऱ्या गोष्टीवर तिला पकड घेता येत नाही. यात कुणाला दुखत नाही, कुणी पडत नाही. खार दोन-चारदा चढून बघते, मग खांबाखाली पडलेलं टिपायला लागते. मला वाटतं, अंतर आणि नळी या दोन गोष्टी नीट केल्या तर बाकीचं बाजार भरून मिळणारं सामान घ्यायची गरजच राहत नाही. ज्यांच्याकडे एवढी मोकळी जागा नाही, त्यांनाच पुढचं लागतं.

जागा नसेल तर वजनावर चालणारा फीडर. त्याच्या दांडीवर जड प्राणी बसला की स्प्रिंग दबते आणि दाण्यांची भोकं बंद होतात. कार्डिनल साधारण ४५ ग्रॅमचा, ब्लू जे त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि छोटी तांबडी खारसुद्धा दोनशे ग्रॅमच्या पुढे. स्प्रिंग या दोहोंच्या मधे कुठेतरी बसवायची. मात्र खार मागच्या पायांनी वरच्या कडीला लटकून, दांडीवर वजन न टाकता भोकापर्यंत पोचत असेल तर स्प्रिंगचा उपयोग नाही, म्हणून कडी लांब हवी. प्लास्टिकच्या नळीचा फीडर घेऊच नये. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडणं ही तिची गरजच आहे, आणि प्लास्टिक तिच्यापुढे टिकत नाही. खार बसताच मोटर लागून गरगर फिरणारेही फीडर मिळतात. ते बघून लोक हसतात. मला नाही हसू येत. थंडीत अन्नासाठी आलेल्या प्राण्याला फेकून देण्यात मला मजा वाटत नाही, आणि पक्षी वाचवण्यासाठी त्याची गरजही नाही.

दाण्यांची निवडही मदत करते. करडई बहुतेक खारींना फारशी आवडत नाही, कार्डिनलला आवडते. बारीक कारळे गोल्डफिंच खातात, खार सहसा त्याकडे वळत नाही. हा अगदी पक्का नियम नाही. उपाशी खार करडईसुद्धा खाते. खाण्याजोगं दुसरं काही असेल तेव्हाच तिची आवडनिवड चालते.

आणि मग मिरची. मिरचीतला तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या पदार्थामुळे असतो. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो आणि कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. पक्ष्यांकडेही तो ग्राहक असतो, त्यांना उष्णता कळते, पण त्याची रचना थोडी वेगळी असल्यानं कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. स्वेन-एरिक जॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी कोंबडी आणि उंदीर यांची तुलना करून हे २००२ साली दाखवलं. ज्युलियस यांना २०२१चं नोबेल याच ग्राहकाच्या शोधासाठी विभागून मिळालं. पोपट मिरची मजेत का खातो, याचंही उत्तर यातच आहे. निसर्गात याला अर्थही आहे. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभन यांनी २००१ साली ॲरिझोनातल्या रानमिरचीवर काम केलं. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांच्या पोटातून गेलेलं बी रुजत नाही, थ्रॅशर पक्ष्याच्या पोटातून गेलेलं रुजतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ज्याच्याकडून बी वाया जातं त्याला मिरचीनं स्वतःच दूर ठेवलं आणि ज्याच्याकडून पसरतं त्याला जवळ केलं. फीडरवर आपण करतो ते हेच. माझं एवढंच सांगणं आहे की सुकी पूड दाण्यांवर भुरभुरू नये. वाऱ्यानं उडून ती खारीच्याच काय, पक्ष्यांच्या आणि आपल्याही डोळ्यांत जाते. दाण्यांना तेलातून घट्ट बसवलेलं तिखट किंवा चरबीच्या वडीत मिसळलेलं तिखट चालतं. एखाद्या खारीला त्याचीही सवय होते, पण बहुतेक जणी एकदा चाखून परत जातात.

काही उपाय करूच नयेत. खांबाला तेल, ग्रीस, व्हॅसलीन चोपडणं हा त्यातला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात सर्रास सांगितला जाणारा. खारीचं अंग ऊबदार राहतं ते केसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. केस तेलानं चिकटले की ती हवा गेली, आणि चाटून काढताना ते पोटात जातं. पक्ष्यांच्या पिसांचंही तेच. उणे तापमानात हा उपाय म्हणजे सरळ मरण आहे. चिकटपट्ट्या, विष, गोफण यांबद्दल तर बोलायलाच नको.

पिंजऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तो दयाळूपणाचा उपाय वाटतो. ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या समाधानानं सांगत होते, "आम्ही मारत नाही हो, धरून दूर रानात सोडून येतो. तिथे काय, झाडंच झाडं." मीही बराच काळ त्यात काही वावगं मानलं नसतं. पण मेरीलँडमधल्या एका अभ्यासात वस्तीतून पकडलेल्या ३८ करड्या खारी मोठ्या जंगलात सोडल्या होत्या. ८८ दिवसांत त्यांतल्या ९७ टक्के मेल्या किंवा तिथून नाहीशा झाल्या. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. विचार केला तर यात आश्चर्य नाही. खारीचा सगळा हिवाळा तिनं पुरलेल्या, आणि फक्त तिलाच आठवणाऱ्या जागांवर उभा आहे. तिला उचलून नेलं की ती सगळी शिदोरी मागे राहिली. नव्या जागी आधीच्या खारी आहेत, घरटं नाही, शिकारी कुठून येतो ते माहीत नाही. शिवाय करड्या खारींचा एक विणीचा हंगाम ऐन हिवाळ्यात येतो. डिसेंबर-जानेवारीत खोडांभोवती गोल गोल पाठलाग चाललेला दिसतो तो त्याचाच. साधारण ४४ दिवसांत पिल्लं होतात, उघडी, आंधळी. फेब्रुवारीच्या शेवटी पिंजऱ्यात सापडलेल्या मादीची पिल्लं त्या वेळी कुठल्यातरी ढोलीत असण्याची शक्यता मोठी आहे. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते गप्प ऐकत होते. "पिल्लांचं डोक्यातच आलं नव्हतं," एवढं म्हणाले, आणि पिंजरा त्यांनी परत काही लावला नाही.

खारींसाठी वेगळं ताट मांडावं का, यावर माझं मन बरेच दिवस डळमळत होतं. काही जण मक्याचं कणीस खिळ्याला लावून ठेवतात, म्हणजे त्या तिकडे रमतील. त्या रमतात, पण जितकं घालाल तितक्या जास्त येतात, आणि मका त्यांच्यासाठी काही फार सकस नाही. त्यांना कॅल्शियम लागतं, त्यासाठी त्या रानात पडलेली हरणांची शिंगं आणि हाडं कुरतडतात. नुसत्या मक्यावर आणि सूर्यफुलावर ते मिळत नाही. म्हणून मी वेगळं ताट मांडत नाही. खांबाखाली पक्ष्यांच्या चोचीतून सांडतं ते त्या जुंकोंबरोबर टिपतात, तेवढं त्यांचं. तेही फार साचू देऊ नये. ओल्या, कुजक्या दाण्यांतून आजार पसरतो. २०२१च्या सुरुवातीला पाइन सिस्किन नावाच्या लहान पक्ष्यांमध्ये साल्मोनेलाची साथ आली होती, तेव्हा अमेरिकेत अनेक ठिकाणी फीडर उतरवून ठेवायला सांगितलं गेलं. दोन आठवड्यांतून एकदा फीडर रिकामा करून, घासून, पूर्ण वाळवून मगच भरावा. दाणे घालण्याच्या हौसेइतकीच ही जबाबदारीही घ्यायला हवी, आणि ती झेपत नसेल तर दाणे न घातलेले बरे.

आपल्यापाशी येणाऱ्या या खारींना शहरात आणलं कुणी, याचाही विचार मनात येतो. आज न्यू यॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाच्या बागांत त्या इतक्या दिसतात की कायमच्या तिथल्याच वाटतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या शहरांच्या आत त्या जवळपास नव्हत्याच. १८४७ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये तीन खारी मुद्दाम सोडल्या, त्यांच्यासाठी पेट्या बसवल्या, खायला घातलं. मग बाकीच्या शहरांनी ते उचललं. बागेला शोभा येईल, मुलं प्राण्यांशी मायेनं वागायला शिकतील, अशी त्यामागची भावना होती. इंग्लंडमध्ये १८७६ साली चेशायरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी सोडल्या गेल्या. तिथे त्याची किंमत तिथल्या मूळच्या तांबड्या खारींनी (त्या अमेरिकेतल्या तांबडीहून वेगळ्या) मोजली. करडीला स्वतःला फारसा न बाधणारा देवीसारखा एक विषाणू तांबडीला मारतो, आणि अन्नाच्या स्पर्धेतही करडी वरचढ ठरते. बहुतेक इंग्लंडमधून तांबड्या खारी गेल्या. माणसानं शोभेसाठी आणलेला प्राणी पुढे माणसालाच नकोसा झाला. त्यात त्या प्राण्याचं काय चुकलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या खांबाला आता नळी आहे आणि फीडरवर खार नाही. पक्षी निवांत खातात. खार खाली असते, आणि तिला खाली बघताना मला पहिल्यासारखी चिडचिड होत नाही, कारण ती काय करते आहे ते आता कळतं. नाक बर्फाला लावून दोन पावलं जाते, थांबते, उकरते, आणि बऱ्याचदा रिकाम्या हातानं न परतता तोंडात काळपट एकॉर्न धरून झाडावर जाते. तिला लागणारं अन्न ओककडे आहे. आपण ते काढून घेतो. शरदात आपण हिरवळ स्वच्छ दिसावी म्हणून पानांबरोबर सगळी फळंही झाडून, पिशव्यांत भरून देऊन टाकतो, ढोल्या असलेली जुनी झाडं पाडतो, आणि मग हिवाळ्यात खार फीडरवर आली की चिडतो.

येत्या शरदात ओकखालची फळं मी झाडून देणार नाही, वाटेवरची तेवढी बाजूला करीन. कुंपणापाशी कठीण कवचाची फळं देणाऱ्या हेझलची दोन झुडपं लावायची आहेत. मागच्या कोपऱ्यातलं वाळलेलं मोठं खोड पाडायचं घाटत होतं, पण त्यात सुतार पक्ष्यानं कोरलेली ढोली आहे आणि ते पडलं तरी कुणाच्या घरावर पडणार नाही, म्हणून ते राहू द्यायचं ठरवलं आहे. फक्त त्याची एक फांदी खांबाच्या बाजूला बरीच पुढे आली आहे. तेव्हा फीडरचा खांब तिथून आणखी तीनेक फूट सरकवावा लागेल, आणि जमीन गोठायच्या आत ते करून घ्यायला हवं.